सुपरवायझरनं हात लावायचा नाही

टीम लीडर आणि सुपरवायझर यांच्यात फरक काय, हे आमच्या कंपनीत कुणालाही विचारा, जो तो वेगळंच सांगेल. एचआरच्या मैत्री मॅडम म्हणतील, टीम लीडर टीमला पुढं नेतो आणि सुपरवायझर ती पुढं जातेय का ते बघतो. माझा नवरा आदिनाथ म्हणेल, टीम लीडर कॅन्टीनच्या रांगेत उभा राहतो आणि सुपरवायझरच्या टेबलावर ताट येतं. सासूबाईंना, म्हणजे पुतळाबाईंना विचाराल तर, "सुपरवायझर म्हंजी सायेब. लीडर म्हंजी काय, गल्लीत बी असत्यात." मी दोन्ही होऊन बसलेय, म्हणून मला विचारा. बाई बाथरूमला गेली की तिच्या जागी उभी राहते ती टीम लीडर. बाई किती वेळ गेली होती ते लिहिते ती सुपरवायझर. बाकी सगळं मॅडमच्या ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवायचं.

आमची कंपनी कुरुळी फाट्याच्या पुढं. गाडीच्या आत जे वायरिंग असतं, ते आम्ही करतो. मोठाले बोर्ड पट्ट्यावरून सरकत येतात, प्रत्येक बाई आपापल्या वायरी त्यावर बसवते, टेप गुंडाळते, बोर्ड पुढं जातो. तो कुणासाठी थांबत नाही. एखादी जागेवर नसली की तिच्या वायरी राहतात, पुढचीचं काम अडतं, लाल दिवा लागतो आणि सगळी लाइन उभी. म्हणून टीम लीडर लागते. कुणी हात वर केला की मी जायचे, "जा गं" म्हणायचे, ती जाऊन यायची, तोवर तिचं काम मी करायचे. ना दिवा, ना बोभाटा. लाइनवरचं प्रत्येक काम माझ्या हाताला पाठ होतं. त्यात मोठेपणा काही नाही, एकत्र घरात नांदलेल्या कुठल्याही बाईला ते जमतं.

आमच्या लाइनवर सादिका होती. भोसरीहून कंपनीच्या बसनं यायची. कंत्राटी. अंगानं काटकी, बोलायला कमी, कामाला एकदम साफ. तिचा नवरा सोहेल एमआयडीसीत लेथवर होता, ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हापासून तो काम शोधत होता. घरात येणारा पगार तेवढा हिचा एकटीचा. एक दिवस तिनं सकाळपासून सारखाच हात वर करायला सुरुवात केली. मी म्हणलं, "काय गं, पोट बिघडलंय का?"

ती खालच्या आवाजात म्हणली, "ताई, पाचवा लागलाय."

आमच्याकडं कंत्राटी बाईला दिवस गेलेत असं ठेकेदाराला कळलं की तो तिला ब्रेक देतो. ब्रेक म्हणजे, "ताई, जरा आराम करा, मग बोलावतो." मग तो बोलावत नाही. कायदा काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ठेकेदाराला तर सगळ्यांत जास्त, म्हणून तर तो कारण लिहीत नाही. आणि कळतं कसं त्याला? लाइन कुणामुळं थांबली ते रोज संध्याकाळी त्याच्या फोनवर जातं. जिचं नाव सारखं येतं तिच्याकडं तो वरून खाली बघतो. एप्रनमध्ये पोट झाकता येतं, पण तसं निरखून बघितल्यावर नाही.

"सातव्यापर्यंत ढकलते ताई," सादिका म्हणली. "तोवर सोहेलला कायतरी लागेलच."

मी म्हणलं, "तू बिनधास्त हात वर कर. बाकी मी बघते."

हे बोलले आणि पुढच्याच आठवड्यात मला सुपरवायझर केलं.

आता खोटं कशाला बोलू, मला लई गार वाटलं. चऱ्होलीसारख्या गावातली बारावी झालेली पोरगी, लग्न होऊन कुरुळीत आली, पहिल्यांदा कंपनीत गेली तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती. आता त्याच भावकीतल्या गणराजनं चौकात फ्लेक्स लावला. गणराज माझा पुतण्या. त्याला फ्लेक्स लावायला कारण लागत नाही, इथं तर कारण होतं. 'आमच्या लाडक्या तेजस्विनीकाकी यांची सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो माझ्या लग्नातला, नथीसकट. खाली शुभेच्छुक म्हणून जी पोरं होती त्यातली निम्मी मला माहीत नव्हती, आणि त्यांचे गॉगल माझ्या तोंडापेक्षा मोठे होते. सासूबाईंनी गावभर पेढे वाटले. ज्यांनी साखरेचं कारण सांगून पेढा घेतला नाही, त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पहिल्या दिवशी पांढरा एप्रन मिळाला आणि हातात टॅब. लाइन थांबली की टॅबवर कारण दाबायचं. कारणं तीनच. मशीन, मटेरियल आणि मॅन. आमच्या लाइनवर औषधालाही पुरुष नाही, तरी बाई जागेवर नसली की मॅन दाबायचं आणि पुढं तिचं नाव. मी मैत्री मॅडमना विचारलं, "माझ्या जागी टीम लीडर कोण?"

"ते प्रोसेसमध्ये आहे," मॅडम म्हणल्या.

आमच्या कंपनीत जे प्रोसेसमध्ये गेलं ते काशीला गेलं.

तासाभरात सादिकाचा हात वर झाला. मी टॅब बगलेत मारला आणि तिच्या जागी जाऊन उभी राहिले. ती अजून दारापर्यंतसुद्धा पोचली नसेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, हात काढा."

ज्योतीराम. युनियनच्या कमिटीवर आहेत, आणि आमच्या भावकीचे जावई. आदिनाथची चुलतबहीण त्यांना दिलीय, म्हणून मी त्यांना दाजी म्हणते. त्यांनी शांतपणे समजावलं. मागं संप झाला होता तेव्हा कंपनीनं सगळ्या स्टाफला लाइनवर उभं केलं, माल बाहेर काढला आणि संप मोडला. तेव्हापासून करारात कलम आहे. स्टाफनं कामगाराच्या कामाला हात लावायचा नाही. टीम लीडर कामगारात मोडतो, सुपरवायझर स्टाफमध्ये.

"आज तुम्ही एका बाईच्या जागी उभ्या राहताय," दाजी म्हणले, "उद्या कंपनी म्हणेल, सुपरवायझर आहे की, ती बाईच कशाला पाहिजे?"

पंचाईत अशी की माणूस बरोबर बोलत होता. मी हात काढला. त्यांना सादिकाचं सांगावं असं मनात आलं होतं, पण युनियन परमनंटांची, कंत्राटी बाईसाठी त्यांच्याकडं कलम नाही. शिवाय दाजी सोन्यासारखा माणूस असला तरी तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी चाकणच्या बाजारात ऐकू येतं.

मग मी डोकं चालवलं. सादिका गेली आणि लाल दिवा लागला की मी मॅन न दाबता मटेरियल दाबायला लागले. दोन दिवसांत स्टोअरचे लोक भांडायला आले, "आमचं मटेरियल कधी कमी पडलं?" मग मशीन दाबलं. मेंटेनन्सचा माणूस पाना घेऊन आला आणि चालत्या मशीनकडं बघत उभा राहिला. मी म्हणलं, "आत्ताच सुरू झालं." तो म्हणला, "मॅडम, सकाळपासून चौथ्यांदा आत्ताच सुरू झालंय." आणखी दोन दिवस असं चाललं असतं तर मीच पकडले गेले असते आणि माझ्यामागनं सादिका.

तिच्या हे ध्यानात आलं. तिनं पाणी प्यायचं सोडलं.

मला ते कळलं जेवणाच्या सुट्टीत. स्टाफच्या टेबलावरून मला बायकांचं टेबल दिसायचं. वैशाखाचे दिवस, शेडमध्ये पत्रा तापलेला, सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या आणि हिची गळ्यापर्यंत भरलेली. ओठ फुटलेले. मी उठून गेले, म्हणलं, "पाणी पी." ती म्हणली, "घरी पिते ताई." दोन दिवसांनी ताप घेऊन आली. भोसरीच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीत इन्फेक्शन सांगितलं होतं आणि असंच चाललं तर बाळाला धोका आहे म्हणून दमही भरला होता. औषध दिलं आणि सांगितलं, पाणी भरपूर प्या. ती त्या गोळ्यासुद्धा दोन घोटांवर घेत होती.

मला इतका राग आला की काय सांगू. ठेकेदाराचा आला, कंपनीचा आला, त्या कलमाचा आला, पण सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या एप्रनचा आला. चार पावलांवर उभी राहून एक बाई तहानेनं सुकताना मी बघायची, आणि तेच माझं काम.

मी सरळ मैत्री मॅडमकडं गेले. "मला परत टीम लीडर करा."

मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर केली. पोरगी वाईट नाही, पुण्यातून रोज स्कूटीवर येते, सगळ्यांना नावानं हाक मारते. "ताई, तसं होत नाही. सिस्टिममध्ये प्रमोशन आहे, बदली आहे, राजीनामा आहे. खाली यायचं फक्त शिक्षा म्हणून आहे."

"मग शिक्षा करा."

"त्यासाठी तुम्ही काहीतरी करायला पाहिजे."

"काय करू?"

मॅडमना वाटलं मला टेन्शन आलंय. ताण कसा घालवायचा याचं एक सेशन असतं, त्यात नाव घालते म्हणल्या. मी म्हणलं, ते नंतर बघू, आधी गुन्हे वाचा. त्यांनी नियमांची फाइल काढली.

"चोरी."

"त्याला काय आहे?"

"काढून टाकतात."

"ते नको. पुढं?"

"ड्यूटीवर झोपणं. तीन दिवस घरी."

"आणि पद?"

"पद राहतं."

झोपून पद राहतं हे मला नवीन होतं, पण आमच्या मोठ्या साहेबांकडं बघून मला अंदाज यायला हवा होता. मॅडम पान उलटत गेल्या. मारामारी, दारू, शिवीगाळ. शेवटी एका ठिकाणी थांबल्या. स्टाफनं कामगाराच्या कामाला हात लावला तर पहिल्यांदा तोंडी समज. दुसऱ्यांदा, युनियनची लेखी तक्रार आली तर, मूळ पदावर परत.

"पण हे कुणी कधी केलेलं नाही," मॅडम म्हणल्या.

तोंडी समज दाजींकडून मिळालीच होती. मी थँक्यू म्हणून उठले.

सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर दाजी चहा पीत होते. मी म्हणलं, "दाजी, माझी लेखी तक्रार करा."

दाजींनी कप खाली ठेवला. "घरात काय झालंय का वहिनी?"

"काही नाही. मी उद्या लाइनवर हात लावणार आहे. तुम्ही लिहून द्या."

"मैत्री मॅडमनी पाठवलंय का तुम्हाला? कंपनीचा काही डाव हाय?"

"डाव कसला. मला खाली यायचंय."

हे त्यांना पटेना. आपल्याकडं खाली कुणी मागून येत नाही. पण खरी अडचण वेगळीच निघाली. "पुढच्या महिन्यात धोंडा लागतोय," दाजी म्हणले. अधिक महिना आला की आमच्याकडं जावयाला जेवायला बोलावतात, अनारसे वाढतात, कपडे करतात. "तुमच्या सासूबाई माझ्या चुलतसासू. सासरवाडीच्या सुनेवर तक्रार लिहायची आणि तिच्याच दारात बसून कोणत्या तोंडानं अनारसं खायचं? करार गेला खड्ड्यात. आपल्याच्यानं व्हणार न्हाई."

इतकी वर्षं हा माणूस कराराच्या एका ओळीसाठी कंपनीशी भांडला, आणि आता अनारशासाठी करार खड्ड्यात घालत होता. मी त्यांना दोष देत नाही, सासरवाडी ही सासरवाडीच असते.

मग मला असं काहीतरी करणं भाग होतं की त्यांना लिहिल्यावाचून गत्यंतर राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइनच्या पार टोकाला गेले. तिथं हर्षाली असते. परमनंट, धडधाकट, तोंडानं फटकळ, तिच्याकडं बघून कुणाच्या मनात कसली शंका येणार नाही. सादिकाच्या जागी उभी राहिले असते तर सगळी कंपनी सादिकाकडं बघत बसली असती.

"हर्षाली, चहा पिऊन ये."

"आत्ता? चहाला अजून टाइम हाय."

"मी सुपरवायझर आहे. जा म्हणते ना."

त्या पदाचा मी केलेला तेवढा एकच उपयोग. ती गेली, मी टेप उचलला आणि कामाला लागले. दाजी आले. "वहिनी, हात काढा." मी बोर्ड पुढं सोडला. "वहिनी, बघतायत सगळे." मी दुसरा बोर्ड घेतला. तोवर कमिटीचे बाकीचे दोघं येऊन दाजींच्या मागं उभे राहिले होते, आणि त्यातला एक म्हणला, "सासरवाडीला सूट हाय वाटतं." झालं. पुढच्या वर्षी युनियनची निवडणूक. दाजींचा चेहरा असा झाला की मला त्यांची खरंच दया आली. त्यांनी खिसे चाचपले. पेन नव्हता, तो माझ्याच खिशातला घेतला आणि माझ्यावर तक्रार लिहिली.

दुपारी चौकशी. ऑफिसात मॅनेजर साहेब, मैत्री मॅडम, दाजी आणि मी. बाजूच्याच टेबलावर ठेकेदाराचा माणूस नेहमीसारखा हजेरी भरत बसला होता. तो कुणाला तिथं दिसत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं.

"नियम माहीत असताना हात का लावलात?" साहेबांनी विचारलं.

मैत्री मॅडम पुढं झुकल्या. "ताई, काही माणुसकीचं कारण असेल तर सांगा. कुणाची तब्येत, काही अडचण. मी तसं लिहिते. समज देऊन मिटेल, तुमचं पद राहील." त्या मनापासून बोलत होत्या, आणि तेच जड जात होतं. माझ्या डोळ्यासमोर सासूबाई आल्या, पेढे आले, नाकं मुरडणारी भावकी आली. एक वाक्य बोलायचं होतं. मी चांगली ठरले असते, आणि साहेबसुद्धा राहिले असते. बाजूच्या टेबलावर पेन थांबला होता.

"सवय," मी म्हणलं.

"नुसती सवय?"

"हो. इतक्या वर्षांची. हात आपोआप जातो."

दाजी जमिनीकडं बघत होते. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि मॅडमना इंग्रजीत म्हणले की काही लोकांना कितीही वर घ्या, त्यांची झेप तेवढीच असते. बारावीच्या इंग्रजीत एवढं कळतं. मी "येऊ का?" म्हणून बाहेर आले, बाथरूममध्ये गेले आणि पोटभर रडले. वेळ कुणी लिहिला नाही.

ऑर्डर निघाली. घरी मी आदिनाथला एवढंच सांगितलं की नियम मोडला. खरं सांगितलं असतं तर ते सासूबाईंपर्यंत गेलं असतं, आणि सासूबाईंपासून पुढं कुठं गेलं असतं ते देवालाच माहीत. आदिनाथ म्हणला, "जाऊ दे, टीम लीडर तर टीम लीडर," आणि जेवण अर्धं टाकून उठला. सासूबाईंनी गावात सांगितलं की जबाबदारी लई, घराकडं बघाय होईना म्हणून हिनंच सोडलं. मला मात्र भाकरी थापता थापता म्हणल्या, "तुझ्यात न्हाईच गं ते. मला आधीच कळाया पायजे हुतं." ते लागलं, अजून लागतं. धोंड्याला दाजी कुरुळीत आले नाहीत. त्यांचे अनारसे मी डब्यात घालून कंपनीत नेले. त्यांनी ते टूलरूमच्या मागं उभं राहून, माझ्याकडं न बघता खाल्ले.

ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी मी कामगारांचा निळा एप्रन घालून लाइनवर आले. बायका इतक्या जपून वागत होत्या, जसं काही माझ्या घरात कुणी गेलंय. सादिका खाली मान घालून टेप गुंडाळत होती. थोड्या वेळानं तिनं हात वर केला, अर्धाच, जणू विचारत होती की चालेल ना. मी तिच्या जागेवर गेले.

ती लगेच निघाली नाही. माझ्या निळ्या बाहीवर हात ठेवला. डोळे भरले होते तिचे.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणली. "साहेबी सगळ्यांनाच जमते असं नाही. पण मी काल नमाजात तुमच्यासाठी मागितलंय. अल्लानं ऐकलं तर तुम्हाला परत सुपरवायझर करतील."

मी तिच्या हातातला टेप घेतला. बोर्ड सरकत जवळ आला होता.

"असलं काही मागू नकोस बाई," मी म्हणलं. "जा आता. आणि येताना पाणी पिऊन ये, भरपूर."